सुरमईचे जीवन व संचार

(ग्वाल्हेर येथील दर्पण कॉलनीतील मराठी कुटुंबांपुढे केलेल्या भाषणाचा मजकूर)



ग्वाल्हेर समुद्रापासून किती दूर आहे, हे येथील रहिवाशांना सांगावयास नको. मुंबईच्या धक्क्यावर बर्फात घातलेला मासा या शहरात यावयाचा, तर त्याला लोहमार्गाने हजार किलोमीटरहून अधिक प्रवास करावा लागतो. अठराव्या शतकात शिंद्यांच्या फौजेबरोबर उत्तरेत आलेली मराठी घराणी लष्कर भागात स्थिरावली. पुढे नोकरी-व्यवसायानिमित्त आलेली कुटुंबे दर्पण कॉलनीसारख्या नव्या वसाहतींत राहू लागली. यांपैकी ज्यांचे कोकणाशी अथवा मुंबईशी नाते आहे, त्यांच्या घरी सुरमईच्या तुकडीची आठवण अजून निघते. मात्र तुकडी ज्या माशाची असते, तो अखंड मासा फारच थोड्यांनी पाहिलेला असतो. तो कोठे राहतो, काय खातो, किती वर्षांनी वयात येतो आणि समुद्रात किती दूरवर फिरतो, याची माहिती तर त्याहूनही थोड्यांना असते. ही माहिती केवळ कुतूहलाची नाही. सुरमई पुढील पिढीच्या ताटात दिसणार की नाही, हे ज्या गोष्टींवर अवलंबून आहे, त्यांपैकी एक गोष्ट ग्राहकाच्या हाती आहे. मग तो ग्राहक मालवणचा असो वा ग्वाल्हेरचा.

नाव आणि कुळ

मुंबई आणि उत्तर कोकणात ज्याला सुरमई म्हणतात, त्यालाच दक्षिण कोकणात व गोमंतकात इसवण किंवा विसवण म्हणतात. मंगळूरकडे तो अंजल होतो, तामिळनाडूत वंजरम आणि केरळात नेय्मीन. आखाती देशांत नोकरीस असलेल्या मराठी कुटुंबांना तो कनद या अरबी नावाने परिचित आहे. बांगडा आणि कुपा हे त्याचेच कुळबंधू होत.

शास्त्रीय भाषेत या माशाचे नाव स्कॉम्बरोमोरस कॉमर्सन असे आहे. फिलिबेर कॉमर्सन हा फ्रेंच निसर्गशास्त्रज्ञ १७६६ ते १७६९ या काळातील बूगँव्हिल यांच्या पृथ्वीप्रदक्षिणेत सामील झाला होता. परतीच्या वाटेवर तो मॉरिशस बेटावर राहिला आणि १७७३ मध्ये तेथेच मरण पावला. त्याने मागे ठेवलेल्या टिपणांचा उपयोग करून लासेपेद या शास्त्रज्ञाने आपल्या मत्स्यग्रंथात या माशाचे वर्णन केले व त्याला कॉमर्सनचे नाव दिले. अर्थात आपल्या कोळी बांधवांना हा मासा त्यापूर्वी कित्येक पिढ्या ठाऊक होता.

शिकाऱ्याची शरीररचना

सुरमईचे शरीर पाहिले की तिचा उद्योग ध्यानात येतो. अंग लांबट, दोन्ही टोकांस निमुळते आणि दोन्ही बाजूंनी काहीसे चपटे. पाठीचा रंग निळसर-हिरवा, पोट चांदीसारखे. वरून पाहणाऱ्यास ती खोल पाण्याच्या रंगात मिसळून जाते, तर खालून पाहणाऱ्यास पृष्ठभागावरील उजेडात. शेपटी चंद्रकोरीसारखी असून तिच्या मुळाशी दोन्ही बाजूंस कडक कण्या असतात. पाठीवरील व पोटाखालील परांच्या मागे लहान लहान परांची ओळ शेपटीपर्यंत जाते. वेगाने पोहण्यास ही सारी रचना अनुकूल असते.

तिच्या जबड्यात त्रिकोणी, चपट्या आणि धारदार दातांची एकेक रांग असते. अनेक माशांच्या पोटात हवेची पिशवी असते आणि तिच्या आधाराने ते पाण्यात स्थिर राहू शकतात. सुरमईला अशी पिशवी नाही. पोहणे थांबविले तर ती खाली जाऊ लागते. म्हणून अविश्रांत हालचाल हाच तिच्या आयुष्याचा नियम आहे.

तारली, मांदेली यांसारख्या लहान माशांचे थवे हे तिचे मुख्य अन्न होय. त्याखेरीज माकूल आणि कोळंबीही ती खाते. थव्यावर झेपावताना ती कधीकधी पाण्याबाहेर उंच उडी घेते. विशेष म्हणजे हा शिकारी स्वभाव तिच्यात वाढत्या वयाबरोबर येतो असे नाही. ऑस्ट्रेलियाच्या प्रवाळभिंतीजवळील अभ्यासात असे आढळून आले की, अंड्यातून बाहेर पडून थोडेच दिवस झालेली तिची पिल्लेदेखील इतर माशांची पिल्ले खातात. या आहारामुळेच तिची वाढ झपाट्याने होते.

संचाराचे क्षेत्र

तांबडा समुद्र आणि दक्षिण आफ्रिकेचा किनारा येथपासून अरबी समुद्र, बंगालचा उपसागर, आग्नेय आशिया, चीन, जपान, ऑस्ट्रेलिया आणि फिजी बेटांपर्यंत सुरमईचा वावर आहे. १८६९ मध्ये सुएझ कालवा खुला झाला आणि तांबड्या समुद्रातील काही जीवांना भूमध्य समुद्राची वाट मिळाली. सुरमई ही त्या वाटसरूंपैकी एक. १९३० च्या दशकात पूर्व भूमध्य समुद्रात तिची नोंद झाली आणि आता ती तेथील रहिवासीच झाली आहे. माणसाने जहाजांसाठी खणलेल्या मार्गाने माशाचा भूगोल कसा बदलतो, याचे हे बोलके उदाहरण विद्यार्थ्यांना सांगण्याजोगे आहे.

सुरमई मुख्यत्वे किनाऱ्यालगतच्या उथळ समुद्रात, साधारणतः दहा ते सत्तर मीटर खोलीच्या पाण्यात, खडकांच्या व प्रवाळांच्या आसपास आढळते. काही सुरमया एकाच परिसरात राहतात, तर काही किनाऱ्याला समांतर दूरवर प्रवास करतात. ऑस्ट्रेलियाच्या पूर्व किनाऱ्यावर तर त्यांचे स्थलांतर शेकडो किलोमीटरचे असते. त्यामुळे एका राज्याच्या पाण्यात वाढलेली सुरमई दुसऱ्या राज्याच्या जाळ्यात सापडू शकते. राज्याची हद्द बारा सागरी मैलांपर्यंत आणि त्यापुढील पाणी केंद्राच्या अखत्यारीत, ही विभागणी माणसांची आहे. माशाला ती ठाऊक नाही.

गळाच्या शौकिनांचा मासा

ज्या माशाला गळाने पकडताना खरी झुंज द्यावी लागते, अशा माशांत सुरमईची गणना जगभर होते. धावत्या नावेमागे आमिष ओढत नेले की ती त्यावर वेगाने झडप घालते आणि गळ लागताच दोरी घेऊन सुसाट धावते. तिच्या दातांपुढे साधी दोरी टिकत नाही, म्हणून गळाजवळ तारेचा तुकडा जोडतात. हा मासा दोन मीटरहून अधिक लांबीचा आणि ७० किलो वजनापर्यंतचा होऊ शकतो, असे मत्स्यग्रंथांत नमूद आहे. गळाने पकडलेल्या सुरमईचा मान्यताप्राप्त जागतिक विक्रम ४४.९ किलोचा असून तो मासा दक्षिण आफ्रिकेच्या नाताळ किनाऱ्यावर स्कॉटबर्ग येथे १९८२ मध्ये मिळाला होता.

मध्य प्रदेशातील श्रोत्यांना येथे नर्मदेच्या महासीरची आठवण होणे स्वाभाविक आहे. तोही गळाच्या शौकिनांचा आवडता मासा. एके काळी विपुल असलेला महासीर धरणे आणि बेसुमार मासेमारी यांमुळे दुर्मिळ होत गेला. मध्य प्रदेश शासनाने २०११ मध्ये त्याला राज्य मासा घोषित केले. महाराष्ट्रात पापलेटला हा मान २०२३ मध्ये मिळाला, आणि त्यामागेही घटत्या साठ्याची चिंता होती. मासा दुर्मिळ झाल्यावर त्याला मान देणे योग्यच. परंतु तो विपुल असतानाच त्याची काळजी घेणे अधिक शहाणपणाचे.

दोन वर्षांची परीक्षा

आता या विषयाच्या गाभ्याकडे वळावयास हवे. केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेची स्थापना १९४७ मध्ये झाली. या संस्थेतील डॉ. एम. देवराज यांनी भारतीय समुद्रातील सुरमई वर्गाच्या माशांचे वय, वाढ व प्रजनन यांचा सविस्तर अभ्यास करून १९८० च्या दशकाच्या प्रारंभी तो प्रसिद्ध केला. त्यावरून जे चित्र दिसते ते असे: पहिल्या वर्षाच्या अखेरीस सुरमई सुमारे ४० सेंटिमीटर लांब होते. दुसऱ्या वर्षाच्या अखेरीस ती ७० सेंटिमीटरच्या पुढे जाते, आणि याच सुमारास ती प्रथम अंडी घालण्यास समर्थ होते. वजनाच्या हिशेबाने सांगावयाचे तर ४० सेंटिमीटरची सुरमई जेमतेम अर्धा किलोची आणि ७० सेंटिमीटरची सुमारे अडीच किलोची भरते.

पूर्ण वाढ झालेली मादी एका हंगामात अनेक वेळा मिळून लाखो अंडी घालते. अंडी आकाराने मिलिमीटरभर असतात, ती पाण्यात तरंगतात आणि साधारण दिवसभरात त्यांतून पिल्ले बाहेर पडतात. बहुतेक पिल्ले इतर जीवांच्या भक्ष्यस्थानी पडतात. हे निसर्गाने गृहीत धरलेलेच आहे आणि म्हणूनच अंड्यांची संख्या अफाट आहे. परंतु अंडी घालण्यापूर्वीच मादी जाळ्यात गेली, तर ही सारी योजना निष्फळ ठरते. सुरमईचे आयुष्य वीस वर्षांहून अधिक असू शकते. ज्या माशाला इतकी वर्षे प्रजनन करता आले असते, तो पहिल्याच वर्षी अर्ध्या किलोचा असताना विकला जातो, तेव्हा नुकसान दुहेरी होते. आणखी वर्षभरात ज्याचे वजन पाचपट झाले असते, तो मासा कोळी बांधव कवडीमोलाने देऊन बसतो. आणि त्याच्या पोटी निपजणारी पुढची पिढीही त्याच टोपलीत संपते.

बियाणे दळून खाणाऱ्या शेतकऱ्याला गावात कोणी शहाणा म्हणत नाही. समुद्राच्या शेतीलाही तोच न्याय लागू आहे.

पट्टे की ठिपके?

येथे एक सावधगिरी बाळगावी लागते. बाजारात सुरमई या नावाने विकले जाणारे सर्वच मासे एका जातीचे नसतात. त्यांपैकी दोन जाती ओळखता आल्या पाहिजेत.

पहिली, आतापर्यंत वर्णन केलेली मोठी सुरमई. तिच्या अंगावर वरून खाली जाणारे, किंचित नागमोडी, अरुंद पट्टे असतात. प्रौढ माशात त्यांची संख्या ४० ते ५० असते. ४५ सेंटिमीटरपर्यंतच्या पिल्लांत ती बहुधा २० पेक्षा कमी असते. दोन्ही बाजूंस कल्ल्यापासून शेपटीपर्यंत जी बारीक रेषा जाते, ती दुसऱ्या पाठपराच्या शेवटाखाली एकदम खाली वळते.

दुसरी, ठिपक्यांची सुरमई. तिच्या अंगावर गोलसर ठिपक्यांच्या ओळी असतात आणि तिची रेषा अशी एकाएकी वळत नाही. ही जात मुळातच लहान असून पाऊण मीटरच्या पुढे सहसा जात नाही. गढूळ व कमी खारट पाणी तिला मानवते, म्हणून खाड्यांच्या व नद्यांच्या मुखांजवळ ती आढळते. साधारणतः ४० सेंटिमीटरच्या पुढे ती वयात येऊ लागते.

याचा व्यावहारिक अर्थ सरळ आहे. अर्धा मीटर लांबीचा ठिपक्यांचा मासा प्रौढ असू शकतो. तेवढ्याच लांबीचा पट्ट्यांचा मासा मात्र निःसंशय पिल्लू असतो. नुसत्या आकारावरून निर्णय करू नये. आधी अंगावरील खूण पाहावी, मग लांबी.

जाळे भरले म्हणजे साठा भरला असे नाही

समुद्रात मासा कमी झाला असता तर जाळ्यात आलाच नसता, असा युक्तिवाद अनेकदा ऐकू येतो. तो वरकरणी पटण्याजोगा आहे, परंतु ऑस्ट्रेलियाच्या क्वीन्सलँड राज्याचा अनुभव वेगळा आहे. तेथील पूर्व किनाऱ्यावरील सुरमई प्रजननकाळी काही ठराविक प्रवाळखडकांवर मोठ्या संख्येने एकत्र येते. त्यामुळे एकूण साठा घटत असतानाही त्या जागी नावा भरतच राहतात आणि घट डोळ्यांना दिसत नाही. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या शास्त्रीय मूल्यमापनानुसार तेथील साठा मूळ साठ्याच्या सुमारे १७ टक्केच उरला असल्याचे दिसून आले. त्या राज्यात ७५ सेंटिमीटरपेक्षा लहान सुरमई पकडण्यास मनाई असूनही ही वेळ आली. परिणामी २०२३ मध्ये व्यावसायिक मासेमारीचा कोटा मोठ्या प्रमाणात कमी करावा लागला आणि प्रजननकाळात मासेमारी काही काळ बंद ठेवण्यात आली. ओमान व संयुक्त अरब अमिरातींनीही सुरमईच्या मासेमारीसाठी १५ ऑगस्ट ते १५ ऑक्टोबर असा बंदीकाळ अवलंबिला आहे.

महाराष्ट्रातील प्रयत्नांचा आढावाही येथे घेणे उचित होईल. महाराष्ट्र सागरी मासेमारी नियमन अधिनियम १९८१ चा असून २०२१ मध्ये त्यात सुधारणा करण्यात आली. पर्ससीन जाळ्यांवर २०१६ मध्ये निर्बंध घालण्यात आले. पावसाळ्यातील मासेमारी बंदीची मुदत पश्चिम किनाऱ्यावर २०१५ पासून ६१ दिवसांची झाली. कोळी समाजाने तर नारळी पौर्णिमेपर्यंत नावा किनाऱ्यावर ओढून ठेवण्याची प्रथा कोणत्याही कायद्याआधी पाळली होती. २०२३ मध्ये राज्य शासनाने ५४ जातींच्या माशांसाठी पकडण्याचे किमान आकारमान ठरवून दिले. त्यात सुरमईचाही समावेश आहे. मात्र कायद्याने ठरविलेला आकार ही तळाची रेषा होय. तिच्या खाली कोणीही जाऊ नये, एवढाच तिचा अर्थ. मोठी सुरमई वयात येते तो आकार या रेषेच्या बराच वर आहे. त्या दोहोंमधील अंतर कायदा भरून काढू शकत नाही. ते समजूतदार मच्छीमाराने आणि जाणत्या ग्राहकाने भरून काढावयाचे आहे.

दूरच्या शहरातील ग्राहकासाठी

समुद्रापासून दूर राहणाऱ्यांनी आरोग्याच्या दृष्टीनेही एक गोष्ट लक्षात ठेवावी. सुरमई, बांगडा, कुपा या कुळातील माशांच्या मांसात हिस्टिडिन नावाचे द्रव्य नैसर्गिकरीत्या पुष्कळ असते. मासा पकडल्यानंतर तो थंड ठेवला नाही, तर जिवाणू या द्रव्याचे रूपांतर हिस्टामिनमध्ये करतात. असा मासा खाल्ल्यास चेहरा लाल होणे, तोंडात जळजळ, डोकेदुखी, अंगावर गांधी उठणे, मळमळ अशी लक्षणे थोड्याच वेळात दिसू शकतात. शिजविल्याने किंवा तळल्याने हिस्टामिन नष्ट होत नाही, आणि पुन्हा बर्फात घातल्यानेही झालेले नुकसान भरून येत नाही. म्हणून पकडल्यापासून स्वयंपाकघरापर्यंत थंडीची साखळी अखंड राहणे हाच खरा उपाय. वाटेत बर्फ वितळलेला दिसला, मांस बोटाने दाबल्यावर खड्डा तसाच राहिला किंवा आंबूस वास आला, तर तो मासा घेऊ नये. अखंड मासा असेल तर डोळे चमकदार व किंचित फुगीर आणि कल्ले लालभडक असावेत. घरी आणल्यावरही मासा ओट्यावर ठेवून इतर कामास लागू नये. तो लगेच शीतपेटीत ठेवावा.

हीच वेळ मासा निरखून पाहण्याचीही आहे. तुकड्या घेण्यापूर्वी अखंड मासा दाखविण्यास विक्रेत्याला सांगावे. पट्ट्यांचा मासा अडीच किलोपेक्षा लहान असेल, तर तो नम्रपणे परत करावा. एका ग्राहकाच्या नकाराने समुद्रात काय फरक पडतो, असे वाटेल. परंतु पिल्लांना गिऱ्हाईक नाही, हा निरोप दुकानदाराकडून व्यापाऱ्याकडे आणि व्यापाऱ्याकडून धक्क्यावर पोहोचण्यास वेळ लागत नाही.

प्रत्येकाचा वाटा

मच्छीमार बांधवांनी मोठ्या आसाचे जाळे वापरावे आणि जिवंत सापडलेले पिल्लू तत्काळ पाण्यात सोडावे. मत्स्यव्यवसाय व बाजारव्यवस्थेशी संबंधित अधिकाऱ्यांनी धक्क्यावर व मंडईत पट्ट्यांच्या आणि ठिपक्यांच्या सुरमईची चित्रे व किमान आकारमानाचे तक्ते ठळक जागी लावावेत. कारण जो नियम वाचता येत नाही तो पाळला जात नाही. शिक्षकांनी वर्गात ७० सेंटिमीटरची पट्टी फळ्यावर काढून दाखवावी आणि शेजारी ४० सेंटिमीटरची. या दोन रेषांमध्ये एका वर्षाचे अंतर आहे आणि त्या एका वर्षावर एका जातीचे भवितव्य अवलंबून आहे, हे मुलांना दुसऱ्या कोणत्याही प्रकारे इतक्या सहज कळणार नाही.

सुरमईला समुद्रात शत्रू पुष्कळ आहेत आणि त्यांच्याशी झुंजण्यास निसर्गाने तिला वेग, दात आणि लाखो अंडी दिली आहेत. माणसाच्या घाईपुढे मात्र तिचे काही चालत नाही. तिला हवी आहेत फक्त दोन वर्षे. ती देण्याचे सामर्थ्य किनाऱ्यावरील कोळी बांधवाजवळ जितके आहे, तितकेच ते दर्पण कॉलनीतून पिशवी घेऊन बाजारास निघालेल्या गृहिणीजवळही आहे. तिने पुढच्या वेळी पट्टे पाहावेत, वजन विचारावे आणि मगच तुकड्या कापण्यास सांगावे, एवढीच या प्रसंगी सर्वांना विनंती.